रिकाम्या फेऱ्या

भिवपुरी
५ जुलै

दर्शे,

मामा पत्र लिहितोय म्हणून आधी हसून घे. झालं? आता वाच.

फोन हाय माझ्याकडं. पण मी फोन कानाला लावला की तुझी मामी तो स्पीकरवर टाकते, आणि मग शेजारची इंदूबाई तिच्या ओट्यावरून उत्तरं देते. तुझ्या ऑफिसात यावं तर शेजारच्या टेबलावर तो गॅरेजवाला निलेश मान लांब करून बसलेला. म्हणून ही चिठ्ठी रोजच्या फेऱ्या लिहितो त्या ट्रिपशीटच्या पिशवीत घालतोय. पिशवी तूच उघडतेस ना? उत्तर त्याच पिशवीत टाक, सकाळी गाडीबरोबर मला मिळेल.

विचारायचं एवढंच, की माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काय येतंय गं? कर्जतवरून कंपनीची माणसं भरतो, मोहोपाड्याला सोडतो, संध्याकाळी परत आणतो. पंपावर डिझेल टाकतो, पावती तुला देतो. पुढं तुझा तो सॉफ्टवेअर काय जादू करतो ते मला कळत नाय. साईनाथशेठ सांगतो, कम्प्युटरला गाडीचं सगळं दुखणं कळतं, ड्रायव्हरने तोंड उघडायची गरज नाय. मग त्याला माझ्या गाडीबद्दल काय कळलंय ते मला गुपचूप सांग. का विचारतो ते विचारू नको. आणि निलेशच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नको.

तुला शेठकडं चिकटवताना मी छातीठोक सांगितलं होतं, बहिणीची पोर हाय, आकड्याला पक्की. तेवढा हक्क हाय माझा.

पिशवीत मामीने सुकट दिलीय. ट्रिपशीटला वास लागला तर माझं नाव सांगू नको.

तुझा
धाकलूमामा


मोहोपाडा
६ जुलै
(हे पाठवलं नाही)

मामा,

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही. पण कुठेतरी लिहिल्याशिवाय मला घास जाणार नाही.

तुम्ही विचारताय त्याच आकड्याकडे मी कितीतरी दिवस बघत बसलेय. तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतंय. रस्ता तोच, फेऱ्या तेवढ्याच, आणि डिझेल मात्र जास्त लागतंय. असं झालं की सॉफ्टवेअरमध्ये गाडीच्या नावावर लाल पट्टी येते, महिन्याचा हिशोब मी बंद केला की ती थेट शेठच्या फोनवर दिसते, आणि ड्रायव्हरला बोलावणं येतं. मागे आपल्याच एका ड्रायव्हरची अशी पट्टी आली तेव्हा त्याच्या सीटखाली कॅन सापडला. गाडीतलं डिझेल काढून विकत होता. शेठने त्याला सगळ्यांदेखत गेटबाहेर काढलं. त्याची बायको डबा द्यायला आली होती, ती तिथेच उभी होती.

तुमच्या सीटखालीही पांढरा कॅन आहे. मी बघितलाय. मला बघून तुम्ही घाईघाईने त्यावर फडकं टाकलंत, तेही बघितलंय.

तुम्ही असं काही कराल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, मामा. रागही आला. पण डोळ्यांसमोर ते गेट येतं आणि तिथे डबा घेऊन उभी असलेली आपली मामी येते. तुमच्या गाडीचा मीटर बंद आहे, म्हणून किलोमीटर मी फेऱ्यांवरून धरते. त्यात 'रिकामी फेरी' असा एक कप्पा असतो. गाडी माणसं न घेता कुठे गेली असेल तर तिथे भरायचं. काल मी तिथे तुमच्या नावावर फेऱ्या टाकल्या, ज्या तुम्ही मारल्याच नाहीत. किलोमीटर वाढले, अ‍ॅव्हरेज जागेवर आलं, लाल पट्टी गेली.

चोरी तुमची आणि घाम मला!

दर्शना


मोहोपाडा
८ जुलै

मामा,

सुकट मिळाली. शेठने आल्या आल्या विचारलं, ऑफिसात मासळी कोण वाळवतंय. मी निलेशकडे बघितलं.

तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज एकदम छान आहे. पहिल्यापासून होतं तसंच. काही काळजी करू नका.

एक सांगू का? सीटखाली तो कॅन ठेवत जाऊ नका. लोक बघतात. कुणी तुम्हाला काही बोललं तर मला ते ऐकवणार नाही.

मामीला सांगा, सुकटीत खोबरं घालून केली.

तुमची
दर्शना


भिवपुरी
१५ जुलै

दर्शे,

कॅन काढला. तू बघितलास म्हणजे गाडीतल्या बायांनीपण बघितला असणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. परत ठेवणार नाय.

अ‍ॅव्हरेज ठीक हाय बोलतेस तर ठीकच असणार. कम्प्युटरला माझा लोभ नाय नि राग नाय, तो कशाला खोटं सांगेल. मग खोट माझ्यातच, दुसरं काय.

रविवारी कर्जतला इद्रिसभाईच्या गॅरेजवर गेलो होतो. काम होतं जरा. पण तुझी चिठ्ठी खिशात होती, ती आठवली, आणि नुसता चहा पिऊन परत फिरलो. इद्रिसभाई बोलला, "धाकलूशेठ, काय सांगायला आलेलास ते न सांगताच चाललास?" मी बोललो, "सांगण्यासारखं काय नाय."

तू हायेस तिथं म्हणून बरं हाय गं. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती.

मामा


मोहोपाडा
२ ऑगस्ट

मामा,

बरेच दिवस चिठ्ठी लिहिली नाही. लिहायला बसले की शब्दच सुचत नाहीत, आणि सुचतात ते तुम्हाला लिहिण्यासारखे नसतात.

काल शेठने सगळ्या गाड्यांची यादी भिंतीवर मोठ्या पडद्यावर दाखवली. तुमच्या गाडीला हिरवी पट्टी. शेठ सगळ्यांना म्हणाले, "बघा, सगळ्यात जुना ड्रायव्हर आणि सगळ्यात नेटकी गाडी." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मला त्या टाळ्या थपडांसारख्या लागल्या, मामा.

मी लहान आहे, तुम्हाला शिकवायला बसले म्हणजे अंड्याने कोंबडीला अक्कल शिकवण्यातला प्रकार. तरी लिहिते. इद्रिसभाईंकडे आता जाऊ नका. मला सगळं कळलंय. कसं आणि कधीपासून ते विचारणार नाही. आईला सांगणार नाही, मामीला तर नाहीच. पण हे आता थांबवा. अजून कुणाला कळलेलं नाही तोवर थांबवा. तुमचं नाव एवढं मोठं आहे की मला त्याच नावावर नोकरी मिळाली.

दर्शना


भिवपुरी
५ ऑगस्ट

दर्शे,

तुझी चिठ्ठी गाडीतच वाचली, कंपनीच्या गेटाबाहेर. मग बराच वेळ खाली उतरलो नाय.

तुला कळलंय तर. मला वाटत होतं कुणाला कळत नसेल. लपवत होतो, तुझ्यापासनं, मामीपासनं, सगळ्यांपासनं. या वयात माझ्यावर अशी वेळ यावी आणि ती माझ्या भाचीने मला सांगावी! लाज वाटते गं. खरंच सांगतो, तोंड दाखवायची लाज वाटते.

तू बोलतेस तसं थांबवणारच हाय. पण दिवाळीपर्यंत सांभाळून घे. दिवाळी झाली की मीच शेठकडं जाईन, चावी टेबलावर ठेवीन आणि बोलेन, झालं आता माझं. कुणी काढलं असं नको, मी सोडलं असं होऊ दे. एवढं कर तुझ्या मामासाठी.

आणि आईला नाय सांगितलंस, तुझे उपकार.

मामा


मोहोपाडा
२९ ऑगस्ट

मामा,

काल सकाळपासून तुम्हाला फोन लावतेय. मामी उचलते आणि म्हणते, "ते भिंतीकडं तोंड करून पडलेत, बोलत नायत." म्हणून ही चिठ्ठी दुसऱ्या गाडीवरच्या दत्ताच्या हाती घरी पाठवतेय. कपाळावरच्या टाक्यांना पाणी लागू देऊ नका.

इथे जे झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. चौक गावाच्या अलीकडच्या उतारावर गाडी थांबेना म्हणून तुम्ही ती रस्त्याच्या खाली भातशेतात घातलीत, बांधाला टेकवलीत, हे गाडीतली सगळी माणसं सांगतात. तुमच्यामुळे वाचलो असंही सांगतात. बाकीच्यांना खरचटलंय. फक्त कंपनीच्या कँटीनमधली, वाडीवर राहणारी कोंडीबाई, तिचा उजवा हात मोडलाय. दोन ठिकाणी.

शेठ आले ते थेट माझ्या टेबलाशी. तुमच्या गाडीचं पान उघडायला लावलं आणि पोलिसांना माझ्याच पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. "गाडीत दोष असता तर अ‍ॅव्हरेज पडलं असतं. हे बघा, एकदा तरी पडलंय का? गाडी ठणठणीत. ड्रायव्हरचंच लक्ष नव्हतं." निलेश मागून म्हणाला, "म्हातारा झालाय, मी कधीचा सांगतोय."

माझ्यासमोर ते सगळं बोलत होते आणि मी माउस धरून गप्प बसले.

मला एकच सांगा. गाडी का थांबली नाही? आणि म्हातारा झालाय म्हणजे काय? निलेश कशाबद्दल बोलत होता?

दर्शना


भिवपुरी
३० ऑगस्ट

दर्शे,

म्हणजे काय असं काय विचारतेस? तुला सगळं ठाऊकच हाय. तूच तर लिहिलं होतंस, मला कळलंय म्हणून. तरी एकदा नीट सांगतो, मग परत तो विषय नको.

पावसाळ्याच्या तोंडावर मला गाडी जड लागायला लागली. पाय उचलला तरी पुढं सरकायची नाय, कुणीतरी मागनं धरून ठेवल्यासारखी. संध्याकाळी डावं मागचं चाक हाताला चटका द्यायचं. मी निलेशला सांगितलं. तो सगळ्या ड्रायव्हरांदेखत हसला. "मामा, गाडी जड नाय झाली, वय जड झालंय. डोळे नि गुडघे तपासा आधी." सगळे खोखो हसले. परत सांगायला गेलो असतो तर शेठने मला गाडीवरून उतरवून गेटवर वॉचमन म्हणून बसवलं असतं. ते मला नको होतं गं. एवढी वर्षं स्टेअरिंग धरलं, आता शिटी धरायची?

मग तुला विचारलं. बोललो, चाक जाम असेल तर डिझेल जास्त खाईल, आणि डिझेल जास्त खाल्लं तर कम्प्युटरला कळेलच. माझं नाय ऐकत, कम्प्युटरचं तरी ऐकतील. तू लिहिलंस, एकदम छान हाय. तवा मला पटलं, निलेश बोलतो ते खरं. गाडी ठीक हाय, माझाच पाय नि माझाच हात थकलाय. इद्रिसभाईला चाक दाखवायला गेलेलो, तेपण म्हणूनच न सांगता परत आलो. तो कॅन पाण्याचा होता. वाटेत गाडी थांबवून चाकावर ओतायचो, थंड व्हायचं. तू बोललीस लोक बघतात, तवा तोपण बंद केला. मागच्या सीटवरून कोंडी विचारायची, मामा, जळका वास कसला येतो? मी सांगायचो, काय नाय, कम्प्युटरने तपासलंय.

त्या दिवशी उतारावर पेडल दाबलं ते खाली गेलं आणि गाडी चालतच राहिली. आता वाटतं, मी दाबलंच नसेल नीट. म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा.

सोमवारी पोलीस स्टेशनला जाऊन लिहून देतोय, चूक माझी. लायसन जाईल, जाऊ दे. कोंडीच्या हाताचं पाप डोक्यावर घेऊन गाडी चालवायची नाय मला.

मामा


मोहोपाडा
३१ ऑगस्ट

मामा,

काही लिहून देऊ नका. हे पत्र दत्ता तुमच्या हातात देईल, त्याच्यासमोर वाचा, आणि सोमवारी घराबाहेर पडू नका.

तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं होतं. जून संपायच्या आधीपासून पडलं होतं. कम्प्युटरला कळलं होतं, मामा. त्याने लाल पट्टी दाखवली. ती मी पुसली. तुम्ही न मारलेल्या रिकाम्या फेऱ्या टाकून मी किलोमीटर फुगवत राहिले, दर आठवड्याला, काल-परवापर्यंत. तुम्ही पत्रात विचारलंत तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी खोटं लिहिलं.

का, ते लिहायला हात उचलत नाही. पण तुम्ही तोंडावर विचारण्याआधी लिहिते. मला वाटलं, तुम्ही डिझेल काढता. तो कॅन बघून वाटलं. इद्रिसभाईंकडे विकता असं वाटलं. "मला कळलंय" असं मी लिहिलं ते हे. तुम्ही "लाज वाटते" म्हणून लिहिलंत, ते मी चोरीची कबुली म्हणून वाचलं, आणि वर स्वतःला शाबासकी दिली की बघा, माझ्या शब्दाने मामा सुधारला. शी! लिहितानाही किळस येते स्वतःची.

लाल पट्टी शेठना दिसली असती तर त्यांनी तुमच्यावर आरडाओरडा केला असता, आणि गाडी गॅरेजला लागली असती. चाक उघडलं असतं. कोंडीबाईचा हात शाबूत असता. तुमचा पाय थकलेला नाही, मामा. तुमच्या पायाला जे कळत होतं ते बरोबर होतं. ते मी खोटं पाडलं.

उद्या रविवार असला तरी शेठच्या घरी जाणार आहे. सगळं सांगणार आहे. सॉफ्टवेअरमध्ये कुठली फेरी कुणी कधी भरली ते राहतं, लपवता येणार नाही, आणि आता लपवायचंही नाही. तिथून कोंडीबाईच्या वाडीवर जाणार आहे. काय बोलणार ते ठरवलेलं नाही.

तुमच्या पाया पडते असं लिहायची माझी लायकी नाही.

दर्शना


भिवपुरी
१९ सप्टेंबर

दर्शना,

तीन वेळा लिहायला बसलो, तीन वेळा कागद फाडला. राग आला की माझं अक्षर मलाच लागत नाय.

पहिलं कामाचं. शेठने इद्रिसभाईला यार्डात बोलावून चाक उघडायला लावलं. निलेशला बाजूला उभा केला. ब्रेकचा ड्रम काळानिळा झालेला, आतलं लायनर जळून पापड. इद्रिसभाई बोलला, हे चाक दोन महिने जाम फिरलंय, कुणी माईचा लाल ड्रायव्हर असता तरी उतारावर थांबली नसती. तसं त्याने लिहून दिलं. तू लिहून दिलेलंपण पोलिसांनी घेतलं. माझ्यावरची केस बहुतेक उभी राहत नाय. शेठ घरी आला होता. चावी पुढं केली. मी अजून घेतलेली नाय.

तुला त्याने काढलं ते कळलं. मी मधी पडलो नाय. पडणार होतो, पण जीभ उचलली नाय. खरं ते सांगतो.

कोंडीकडं जाऊन आलो. तू येऊन गेलीस बोलली. तू तिच्या दारात रडत बसलीस आणि तिलाच एका हाताने तुला पाणी द्यायला लागलं, असं बोलली. दर आठवड्याला येऊन पाणी भरतेस तिचं, तेपण सांगितलं. बोलली, "पोरीला माफ करायचं का नाय ते मी हात जुळल्यावर बघीन." मी मान खाली घालून ऐकलं. जळका वास तिला येत होता, मी तिला गप्प बसवलं होतं. ते काय तू केलेलं नव्हतं.

आता माझं. पोलिसांची मला भीती नव्हती. शेठने गेटबाहेर काढलं असतं तरी सोसलं असतं. पण तू मला चोर समजलीस, आणि चोर समजून दोन महिने माझ्याशी गोड बोलत राहिलीस, हे कुठं ठेवू मी? तू शेठला सांगितलं असतंस, मामा चोर हाय म्हणून, तर मी तुझ्या दारात येऊन भांडलो असतो, दहा शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. तू तर दयाच केलीस माझ्यावर. एकदा विचारायचं होतंस गं. "मामा, डिझेल काढता का?" एवढंच. मी तुझ्या कानाखाली वाजवली असती, आणि मग दोघांनी मिळून चाक बघितलं असतं.

मीपण कुठं शहाणा. हसतील म्हणून गप्प बसलो. तुला खरं काय ते मीपण नाय विचारलं, नाय सांगितलं.

मामीला यातलं काय ठाऊक नाय. गाडीचा ब्रेक गेला एवढंच तिला माहीत. नोकरी तू अभ्यासासाठी सोडलीस असं मी तिला सांगितलंय. सगळ्या आळीला ती अजून तुझंच कौतुक सांगते. तिला तसंच वाटू दे. येत्या रविवारी ये. नेहमीसारखी ये, आणि काय झालंच नाय अशी जेवायला बस. तेवढं मी सांभाळतो.

मामा


मोहोपाडा
२० सप्टेंबर

मामा,

रविवारी येते. पण नेहमीसारखी नाही.

तुम्ही माझ्यासाठी मामीशी खोटं बोललात ते वाचलं. मी तुम्हाला असंच सांभाळलं होतं. तुम्ही मला तसं सांभाळू नका, हात जोडते.

मामीला मीच सांगणार आहे. तिच्या नवऱ्याला मी चोर समजले होते, हे तिच्या तोंडावर सांगणार आहे, पानं मांडायच्या आधी. तुम्ही मधे बोलू नका. ती जे बोलेल ते ऐकून घेईन.

मग तिने वाढलं तर जेवेन.

दर्शना